माणसा, मागे बघ

४ जून

माझ्या आवाजास,
त्याच्या तोंडाचा नमस्कार.

दचकू नका, पत्र माथेफिरूचं नाही. मी दारवाला. सिनेमातला दारवाला: पांढराफटक, खोल डोळ्यांचा, भुवया नसलेला, जो उंबऱ्यात येऊन उभा राहतो आणि आतल्या माणसाला वळून बघायला लावतो. इतकी वर्षं मी नुसता उभा राहिलो आणि बोललात तुम्ही. आपण समोरासमोर आलो ते एकदाच, स्टुडिओच्या जिन्यात. मी रंग उतरवून खाली येत होतो, तुम्ही वर निघाला होतात. ‘जरा सरका,’ म्हणालात. त्या दोन शब्दांनी माझ्या अंगावर काटा आला होता. स्वतःचाच आवाज समोरून यावा, तसं झालं. सरकलो, आणि संपली आपली ओळख.

स्टुडिओत सगळे तुम्हाला पिंप म्हणायचे, हे लिहिलेलं चालेल ना? भुताला घुमारा यावा म्हणून तुम्ही रिकाम्या पिंपात तोंड घालून बोलायचात, असं ऐकलं होतं. मी ते कधी पाहिलं नाही. माझं काम संपल्यावर तुमचं सुरू व्हायचं, त्यामुळे आपण एका घरात राहूनही कधी न भेटणाऱ्या जावांसारखे.

आता काम सांगतो. आपले दिग्दर्शक साहेब जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या आठवणीसाठी इथल्या सिनेमावेड्या मंडळींनी एक मोठा कार्यक्रम ठरवला आहे, ऑगस्टअखेर. आपला पहिला सिनेमा दाखवणार, आणि मग मला स्टेजवर उभं करून मानपत्र देणार. संयोजक एक तरतरीत मुलगी आहे. म्हणाली, ‘आजोबा, तुम्ही फक्त ते एक वाक्य म्हणा. हॉल कोसळेल!’

हॉल कोसळेल खरा, पण हसून. माझा आवाज तुम्ही ऐकलेला नाही. मिसरूड फुटताना सगळ्यांचे आवाज फुटतात, माझा फुटायचा राहून गेला. वर्गात मी कविता म्हणायला उभा राहिलो की मास्तर खिडकीकडे बघून म्हणायचे, ‘चिमणी शिरली का रे आत?’ या आवाजात ‘माणसा, मागे बघ, मी उभा दारी’ म्हटलं, तर मागे कोण बघणार?

दुसरं कुणी असतं तर मी हसू दिलं असतं. पण नात येणार आहे. माझ्या मुलीने उभं बालपण मला लपवण्यात घालवलं. शाळेत ‘भुताची पोर’ म्हणायचे तिला. पालकसभेला मी जाऊ नये म्हणून ती तारीखच सांगायची नाही. तिच्याच पोटची ही पोर मात्र वर्गभर सांगत सुटली आहे की दारवाला माझा आजोबा आहे. घरात माझा अभिमान वाटणारं हे पहिलंच माणूस. तिच्यासमोर माझी चिमणी होऊ नये, एवढंच मागणं आहे.

तुम्ही पडद्यामागे उभं राहून ते वाक्य म्हणाल का? मी ओठ हलवीन. त्यात माझा हातखंडा आहे.

तुमच्या घरी फोन केला होता. बाई म्हणाल्या, ‘ते फोनवर येत नाहीत, पत्र पाठवा.’ म्हणून हा उद्योग.

तुमचा तोंडापुरता,
दारवाला


१५ जून

माझ्या तोंडास,

पत्र पोचलं. अक्षर सुरेख आहे, मास्तरांनी निदान तेवढं तरी शिकवलं.

पिंप म्हटल्याचा राग नाही. घरी याहून वाईट नावं होती. सून नवी नवी आली, तेव्हा मी प्रेमाने ‘चहा घेतेस का, बाळ?’ म्हणालो, तर तिच्या हातून बशीच पडली. फोनवर येत नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. ज्याने आयुष्यभर बोलण्याचं खाल्लं, त्याला म्हातारपणी गप्प बसायची चैन करू द्या.

आधी एक जुना हिशेब मिटवू. तुम्ही कॅमेऱ्यासमोर नक्की काय म्हणायचात, ते मला ठाऊक आहे.

आवाज भरायच्या खोलीत सिनेमाचा एकेक तुकडा गोल चिकटवून फिरवत ठेवायचे. तुमचं तोंड भिंतीवर उघडायचं, मिटायचं, परत पहिल्यापासून उघडायचं. तुमच्या बायकोने बघितलं नसेल इतकं मी ते तोंड बघितलं आहे. साहेबांनी कागदावर वाक्य दिलं होतं, ‘हे घर सोडून चालता हो.’ ते काही केल्या बसेना. या वाक्यात ओठ कुठेच मिटत नाहीत, आणि तुमचे तर घडोघडी मिटत होते. साहेब तापले. ‘हा प्राणी नक्की काय बडबडतोय?’ मी बघत राहिलो. तुकडा फिरत राहिला. आणि एकदम ऐकू आलं, डोळ्यांनी:

पाखरा, मागे बघ, माय उभी दारी,
दिव्याला आडोसा हाताचा ती करी.

तिसरीचं पुस्तक. डाव्या पानावर चित्र, माय ठेंगणी आणि दिवा तिच्या डोक्याएवढा. बरोबर? अहो, माणसाचा गळा आवळताना तुम्ही शाळेची कविता म्हणत होतात! मी हसून हसून पिंपावर आडवा झालो. मग दोन जागा बदलल्या. पाखराचा माणसा केला, पा म्हणा नाहीतर मा, ओठ तसेच मिटतात. मायच्या जागी मी आणला आणि लांबवला. झालं दारवाल्याचं वाक्य. साहेब म्हणाले, ‘हे मी लिहिलंय असं सांगायचं.’ सांगितलं. आपण कोण ‘नाही’ म्हणणारे? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, हाच तर आपला धंदा होता.

पण शेवटचं कडवं तुम्ही चुकवता. तो तुकडाही माझ्यापुढे फिरला होता. आठवा.

कार्यक्रमाचं नंतर बघू.

पिंप


२१ जून

पिंपा,

आता ‘तुम्ही’ वगैरे राहू दे. एकाच बाकावरची पोरं आपण, नुसती शाळा वेगळी. तुझं पत्र वाचून मी खुर्चीत बसल्या बसल्या पाय हलवायला लागलो. मुलगी विचारते, ‘बाबा, काय झालं?’ काय सांगू तिला? इतक्या वर्षांनी कुणीतरी माझं ऐकलं होतं, असं कळलं.

अरे, त्याचं असं झालं. पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले, ‘तुझा आवाज आपण कापून टाकणार आहोत, तू नुसतं तोंड हलव. काहीही म्हण.’ दुसरे नट अशा वेळी आकडे मोजायचे. एकजण तर सोसायटीच्या सेक्रेटरीला शिव्या घालायचा. मला आकडे सुचेनात. समोर ती नवी पोरगी, पहिलाच सिनेमा, माझे पांढरे हात तिच्या गळ्याशी, आणि ती खरोखरच थरथरत होती. तिला धीर द्यावा म्हणून ओठांवर जे आलं ते म्हणालो. घाबरलेल्या माणसासाठी माझ्याकडे कवितेखेरीज दुसरं काही कधी नव्हतंच. तिला कळेना, किंचाळावं की हसावं. शेवटी दोन्ही केलं. साहेब खूश.

मग पुढे तेच. थडग्यातून उठताना, विहिरीतून वर येताना, खिडकीशी उभा राहताना, मी आपला वर्गात उभा. हाताची घडी आहे, तोंडावर बोट आहे, बाहेर ऊन पसरलंय आणि माझा नंबर यायचाय. एका समीक्षकाने लिहिलं होतं, ‘दारवाल्याच्या बोलण्याची लय या जगातली नाही.’ खरंच होतं रे. ती तिसरीतली होती.

बाकी काय सांगू? सिनेमात आवाज तुझा वापरला, आणि चेहरा माझा गेला. भुवयांवर गोंद लावून लावून त्या पुन्हा उगवल्याच नाहीत. दवाखान्यात बाकावर बसलो की शेजारची बाई पोराला घेऊन दुसरीकडे सरकते. मेहुण्याच्या लग्नाच्या फोटोत मी कडेला होतो, तर तेवढी कडा कापून मग फोटो भिंतीला लावला. एकदा मेलेल्या शेजाऱ्याला शेवटचं बघायला गेलो, तर त्याचा मुलगा हळूच म्हणाला, ‘काका, तुम्ही जरा बाहेर थांबता का? बायका घाबरताहेत.’ मेलेलं माणूस आत, आणि घाबरायचं कुणाला तर मला!

बायको तेवढी कधी घाबरली नाही. तेल लावून माझा रंग सोडवायची आणि म्हणायची, ‘या वरच्या थराखाली बरा आहात तुम्ही.’ ती गेल्यापासून तो थर सुटलाच नाही असं वाटतं.

शेवटचं कडवं मी चुकवत नाही. ‘पाखरा, झाली सांज, लागली रे कडी.’ पुढची ओळ आठवत नाही, पण ही पक्की. फार वाईट वाटायचं लहानपणी. उशीर झाला, म्हणून दार बंद. तेव्हा वाटलं होतं पुस्तकात चूक असेल, पुढे कळलं की जगच तसं आहे.

तर मग ठरलं ना? तू पडद्यामागे, मी पुढे. एकदा तरी दोघे एका स्टेजवर. तुझंही नाव घ्यायला लावतो त्या मुलीला.

तुझा बाकशेजारी,
दारवाला


२ जुलै

दारवाल्या,

मी येणार नाही. कारण विचारू नकोस.

म्हणायचं तर तूच म्हण. तुझ्या आवाजात. आणि ते वाक्य नको, मूळ ओळ म्हण, पाखराची. भूत खर्जातच बोलतं हे ठरवलं साहेबांनी, कुठल्या भुताने अर्ज केला नव्हता. घुमारा पिंपाचा होता, माझा नव्हता. पिंप पुढे पाणी साठवायला नेलं कुणीतरी. चिमणीच्या आवाजातला दारवाला उंबऱ्यात उभा राहून पाखराला हाका मारतोय, हे ऐकून लोक आधी हसतील. मग हसायचे थांबतील. त्या थांबण्यासाठी म्हण.

कसं म्हणायचं ते सांगतो. खांदे पाड. श्वास पोटातून सोड, गळ्यातून नको. गळ्यावर कधी भार देऊ नये, तो लक्षात ठेवतो. ‘पाखरा’नंतर थांब, पाखरू खरंच लांब आहे असं समज. ‘मागे बघ’ हे दरडावून नाही, विनवून. ‘माय’ जवळजवळ मनातल्या मनात. रोज सकाळी दार लावून घे आणि म्हण. नातीला ऐकव.

आणि कडी वगैरे काही नाही त्या कवितेत. नीट आठव.

पिंप


९ जुलै

पिंपा,

‘कारण विचारू नकोस.’ वा! साहेबही असंच म्हणायचे.

तू सांगितलंस तसं केलं. खांदे पाडले, पोटातून म्हटलं. नात दाराआडून ऐकत होती. आत येऊन म्हणाली, ‘आजोबा, असं नाही, तुमच्या खऱ्या आवाजात म्हणा ना, सिनेमातल्या!’ तिला मी काय सांगू, बाळ, तो खरा आवाज एका गृहस्थाकडे आहे आणि त्याला यायचं नाही?

चार दिवस विचार करतोय. स्वतः यायचं नाही, आणि मला मात्र सांगायचं की तुझ्या चिमण्या आवाजातच म्हण, लोक हसले तरी म्हण. का रे? आपल्या आवाजाशिवाय हा चेहरा म्हणजे नुसता विनोद, हे जगाला दाखवायचंय का तुला? इतकी वर्षं तू पडद्यामागे कुढत बसलास आणि पोरं माझ्यामागे ओरडत फिरली, त्याचा हा सूड? ओठात एक आणि पोटात एक, हे कसब तर तुझंच. माझ्या ओठांवर तू तुझ्या पोटातलं चढवत आलास.

हे लिहायला नको होतं कदाचित. पण फाडत नाही.

गुरुवारी तुझ्या गावाला येतो. समोरासमोर ‘नाही’ म्हण. त्या आवाजातलं ‘नाही’ मला ऐकायचं आहे, मग परत विचारणार नाही.

दारवाला


१७ जुलै

महाशय,

आलो होतो. पत्ता सापडायला त्रास झाला नाही. कोपऱ्यावरच्या शिंप्याने माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि न विचारताच तुमचं घर दाखवलं. जिना चढलो. दारावर टकटक केली. आत भांडं वाजलं, म्हणजे माणूस होतं. मी म्हणालो, ‘पिंपा, मी रे. दारवाला.’ याच माझ्या चिमण्या आवाजात म्हणालो. म्हटलं, पहिल्यांदा यालाच ऐकवू.

आणि आतून टाळ्या आल्या.

दोन. सावकाश. मी थांबलो. पुन्हा दोन.

आवाज ऐकून वाजवल्या ना? समजलो. मोठ्या कलावंताने धाकट्याला दिलेली दाद. ‘कोण आहे’ एवढंही विचारलं नाही, ‘चालता हो’ म्हणायला तोंड उघडलं नाही. साहेबांचं वाक्य होतंच तयार, तेवढं तरी म्हणायचं! दारवाल्याला दारात उभं करून आतून टाळ्या पिटणारा माणूस मी सिनेमातही पाहिला नव्हता.

उतरलो आणि मागे न बघता चालू लागलो. वाकडं बोलणारी खूप बघितली, न बोलता एवढं बोलणारे तुम्हीच.

आता पत्र नको.


२ सप्टेंबर

पिंप यांस,

पत्र नको म्हणालो होतो, पण एक निरोप पोचवणं भाग आहे. तुमचा विजय झाला. तुम्ही येणार नव्हतात ना? आलात. माझ्या आधी आलात.

हॉल भरलेला होता. सिनेमा झाला. भाषणं झाली. साहेबांच्या लेखणीबद्दल बोलले, त्या वाक्याच्या ‘पारलौकिक लयी’बद्दल बोलले. मी बसल्या जागी तिसरीचं पुस्तक उघडून बसलो होतो. तुमचं नाव कुणी घेतलं नाही. मी संयोजक मुलीला आधी दोनदा सांगितलं होतं, तिने मानही डोलावली होती.

मग दिवे गेले. स्टेजवर नुसती एक चौकट उभी केली होती, दाराची. मी तिच्यात उभा राहिलो. समोर माईक, तोंडावर एकच झोत, आणि मागच्या पडद्यावर माझंच तोंड मोठं करून दाखवत होते. पहिल्या रांगेत नात, ताठ बसलेली. तुमच्यावर कितीही राग असला तरी काय करायचं हे आदल्या दिवशी ठरवलं होतं. खांदे पाडले. पोटातून श्वास घेतला. म्हटलं, हसू देत. हसणं थांबेपर्यंत म्हणायचं. आयुष्यात एकदा माझं तोंड माझ्यासाठी उघडायचं.

‘पाखरा,’ म्हणालो आणि थांबलो.

आणि चारी भिंतींतून तुम्ही बोललात. ‘माणसा. मागे बघ.’

ध्वनिमुद्रण लावलं होतं, पुन्हा पुन्हा फिरणारं. माईक नुसता शोभेचा. मला कुणी सांगितलं नव्हतं. नंतर ती मुलगी म्हणाली, ‘आजोबा, तुम्हाला ताण नको म्हणून. तुम्ही ओठ हलवणारच होतात ना?’ त्यांच्याकडे आता कॉम्प्युटरवर सगळं आहे म्हणे. तुमचा आवाज आहे, माझा चेहरा आहे. पुढच्या वर्षी मला येण्याची दगदगही पडणार नाही.

मी थांबलो नाही. कवितेची चारही कडवी म्हणालो, ‘लागली रे कडी’पर्यंत, मोठ्याने. स्वतःला ऐकू आली नाहीत. लोक उभे राहिले. टाळ्या, टाळ्या. टाळ्यांचं आता मला नवल नाही.

घरी जाताना नातीने माझा हात धरला. म्हणाली, ‘आजोबा, तुमचा खरा आवाज किती भारी आहे! घरी का नाही काढत?’

मी म्हणालो, ‘घसा दुखतो, बाळ.’

एवढंच कळवायचं होतं.

दारवाला


८ सप्टेंबर

दारवाल्या,

पूर्ण वाच. मधे फाडू नकोस.

माझा घसा काढून टाकला आहे. दोन वर्षं होऊन गेली. गाठ होती, डॉक्टरने गाठीबरोबर आवाजाची पेटीही उचलली. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेतो. शब्द म्हणून जे काही असतं ते माझ्याकडे आता या पेनात आहे, दुसरीकडे कुठेही नाही. तुझं पहिलं पत्र आलं, ‘माझ्या आवाजास’ म्हणून. अरे, दोन वर्षांत मला त्या नावाने हाक मारणारा तू पहिला. तिथे लगेच ‘तो मेला’ असं लिहायला हात धजला नाही. वाटलं, एवढा एक माणूस राहू दे, ज्याच्या लेखी तो अजून आहे.

तुझं गुरुवारी येतोचं पत्र मला शुक्रवारी मिळालं. पोस्टाचा कारभार आपल्या साहेबांसारखा, आधी काम आणि मग सूचना. त्या गुरुवारी सून बाहेर गेली होती. मी आतल्या खोलीत गळ्यातली नळी काढून भांड्यात धूत होतो. नळी बाहेर असताना उठून धावता येत नाही. टकटक ऐकली. आमच्या घरात दोन टाळ्यांचा अर्थ एकच: दार लोटा, उघडंच आहे. दूधवाला जाणतो, शेजारची पोरं जाणतात. तू जाणत नव्हतास.  मग तू बोललास, आणि मला कळलं कोण आहे. मी टाळी वाजवली. पुन्हा वाजवली, ओल्या हातांनी, जीव तोडून. ये रे, ये आत! तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. इतकी वर्षं नुसता बघितलेला.

नळी बसवली, नाडी बांधली, जिना उतरलो. तू शिंप्याच्या दुकानापुढे गेला होतास. पाठमोरा. मी दारात उभा राहिलो. तोंड उघडलं.

तू सांग, काय म्हणणार होतो मी? जे वाक्य दोघांनी मिळून केलं, ज्याने थेटरंच्या थेटरं माना वळवून मागे बघायची, तेच. माझ्यासाठी आयुष्यात ते एकदाच खरं होतं. तुझी पाठ, माझा उंबरा. ओठ तर मिटले, उघडले. तू कोपऱ्यावरून वळलास.

नंतर तुझं ते पत्र आलं, महाशय म्हणून. उत्तर लिहायला बसायचो आणि ठेवून द्यायचो. ज्याला माझं ‘नाही’ ऐकायचं होतं, त्याला कागद काय पाठवायचा?

आता दुसरं. मी आलो होतो कार्यक्रमाला. सून घेऊन आली. शेवटच्या रांगेत, गळ्याला मफलर. ओळखलं कुणी नाही, ओळखणार कशावरून? दिवे गेले आणि मी स्वतःला ऐकलं. दोन वर्षांनी. आवाज अगदी धडधाकट होता रे. माझ्या शेजारचा माणूस शहारून बायकोला म्हणाला, ‘काय आवाज आहे बघ म्हाताऱ्याचा!’ मी त्याच्याकडे बघून मान डोलावली. दुसरं काय करणार?

पण मी ऐकत नव्हतो फार वेळ. बघत होतो. एवढ्या हॉलमध्ये मी एकटाच असा होतो, ज्याला माझ्या त्या आवाजाचा काही उपयोग नव्हता. तू ‘पाखरा’ म्हणून थांबलास, मी सांगितलं होतं तेवढाच. ‘मागे बघ’ विनवून म्हणालास. ‘माय’ला तर ओठ जेमतेम लागले, शाब्बास. चारही कडवी मी पहिल्यापासून ऐकली. कुणी हसलं नाही, कारण ऐकणारा मी एकटा होतो आणि मला हसू येत नव्हतं. नातीला सांगायचं की नाही ते तू ठरव. पण तिचा आजोबा त्या दिवशी स्वतःच्या आवाजात बोलला, याला साक्षीदार आहे.

शेवटचं कडवं मात्र परत चुकलास. ‘झाली’ म्हणताना ओठ पसरले, मी पाहिलं. तिथे ओठ गोल व्हायला हवेत. लिहून घे:

पाखरा, लोट दार, नाही त्याला कडी,
झोपेतही माय राही अर्धी उघडी.

लोट. गोल. कडी लागली असं त्या कवितेत कुठेही नाही. ते तू घातलंस.

पिंप


१४ सप्टेंबर

पिंपा,

नातीला पाठ करून दाखवलं. ओठ गोल होताहेत का, ते तिनेच तपासलं. अजून पसरतात म्हणते.

शनिवारी तिला घेऊन येतो. टाळी वाजवू नकोस, टाळ्या मला सोसत नाहीत.

मी लोटेन.

दारवाला